थाई मसाजने खेळाडूला फायदा होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

समजा तुम्ही क्रीडाशास्त्र, शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपीत पीएचडी करायचं ठरवलं आहे. पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषय सुचला: 'स्पर्धात्मक खेळाडूंसाठी थाई मसाजचे फायदे'. विषय छान आहे, ताजा वाटतो. पण समितीसमोर बसल्यावर पहिला प्रश्न हाच येणार, "फायदा म्हणजे काय?" वेग वाढतो? दुखणं कमी होतं? शरीर लवचीक होतं? की खेळाडूला नुसतं बरं वाटतं? या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचं मोजमाप वेगळं आहे आणि आतापर्यंतच्या अभ्यासांनी दिलेली उत्तरंही वेगवेगळी आहेत.

आणि हा प्रश्न फक्त समितीचा नाही. उद्या निवड चाचणी असलेला खेळाडू आज तुम्हाला विचारेल, "करून घेऊ का मसाज?" त्याचं अख्खं वर्ष त्या एका सकाळवर अवलंबून असतं. त्याला 'फायदेशीर असतो' एवढं मोघम उत्तर पुरत नाही. म्हणून या लेखात दोन्ही कामं बरोबर करू: थाई मसाजबद्दल संशोधन काय सांगतं ते पाहू, आणि असं संशोधन वाचायचं कसं तेही पाहू.

आधी व्याख्या करा

थाई भाषेत याला 'नुआत थाई' म्हणतात. आपल्या डोक्यात मालीश म्हटलं की तेल येतं. इथे तेल नसतं. खेळाडू सैल कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर झोपतो. मसाज करणारी व्यक्ती अंगठे, तळहात, कोपर, गुडघे आणि पाऊल वापरून शरीराच्या ठरावीक रेषांवर दाब देते आणि मध्येमध्ये हातपाय, कंबर, पाठ हळूहळू ताणून देते. ताणण्याचं काम दुसरं कोणीतरी करतं, आपण अंग सैल सोडायचं. एक पूर्ण सत्र साधारण तास ते दोन तास चालतं.

परंपरा या विद्येचं मूळ बुद्धाचा वैद्य जीवक याच्याकडे नेते. लिखित पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ठिकाण म्हणजे बँकॉकचं वात फो मंदिर. राजा तिसरा राम याच्या काळात, १८३० च्या दशकात, या मंदिराचा जीर्णोद्धार झाला तेव्हा वैद्यकाचं आणि मसाजचं ज्ञान शिलालेखांत कोरून भिंतींवर लावलं गेलं. मंदिरात १९५५ पासून पारंपरिक वैद्यकाची शाळाही आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने नुआत थाईला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आता संशोधक म्हणून तीन गोष्टी नोंदवून ठेवा.

पहिली, थाई मसाज ही एकच एक पद्धत नाही. दरबारी परंपरेत मुख्यतः हात वापरतात, पाय लावत नाहीत. लोकपरंपरेत कोपर, गुडघे, पाऊल सगळं चालतं. तुमच्या अभ्यासात कोणती पद्धत वापरली, किती मिनिटं, कोणत्या भागावर, दाब किती वेळ धरला, हे लिहिलं नाही तर दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

दुसरी, मुआय थाईच्या मुष्टियोद्ध्यांना लढतीआधी तेलासारखं झणझणीत औषध चोळताना तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. त्याला 'नाम मन मुआय' म्हणतात. त्यात मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल असतं. ते नुआत थाईच्या सत्रापेक्षा वेगळं आहे. तुमच्या प्रयोगात दोन्ही एकत्र आले तर परिणाम दाबण्याचा की औषधाचा, हे शेवटपर्यंत कळणार नाही.

तिसरी, 'सेन' नावाच्या रेषांची. परंपरेनुसार शरीरात ऊर्जेच्या अशा दहा मुख्य वाहिन्या आहेत. शवविच्छेदनात दाखवता येईल अशी त्यांची रचना नाही. तरीही त्या निरुपयोगी ठरत नाहीत. दाब कुठे, कोणत्या क्रमाने द्यायचा याचा तो नकाशा आहे आणि पद्धतीच्या वर्णनात तुम्ही तो वापरू शकता. फक्त परिणामाचं कारण म्हणून 'सेन मोकळ्या झाल्या' असं लिहू नका. ते वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

अंग आंबतं ते आम्लामुळे नाही

खेळाडूला मसाज का हवा असतो? बहुतेक वेळा अंग आंबलेलं असतं म्हणून. आपला शब्दच बघा ना, आंबणं. त्यामुळे 'स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं, मसाजने ते निघून जातं' हे स्पष्टीकरण ऐकताक्षणी पटतं. मैदानावर, जिममध्ये, कधी कधी जुन्या पाठ्यपुस्तकांतही ते सापडतं. पण ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे समजून घेतलं तर अर्धं काम होतं.

जोरदार व्यायामानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतं. जी गोष्ट तासाभरात निघून गेली ती दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारण कशी असेल? हे उशिरा येणारं दुखणं, म्हणजे डॉम्स, मुख्यतः स्नायू ताणला जात असताना जोर लावल्यामुळे येतं. उतारावरून धावणं, उडी मारून खाली येणं, कबड्डीत झेपावून एकदम थांबणं. यात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, मागोमाग दाह होतो आणि वेदनेचे ग्राहक जास्त संवेदनशील होतात.

मसाजने लॅक्टेट जातं का, हे थेट तपासणारा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १२ जणांना मूठ आवळण्याचा कठीण व्यायाम देऊन नंतर हाताला मसाज दिला आणि रक्तप्रवाह मोजला. मसाजच्या वेळी रक्तप्रवाह उलट कमी झाला आणि लॅक्टेट बाहेर पडण्यात अडथळा आला. विचार केला तर नवल नाही: बाहेरून दाबलं की रक्तवाहिन्याही दाबल्या जातात.

मग मसाजने आत काहीच होत नाही का? होतं. २०१२ च्या एका प्रयोगात ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मसाज दिला. मग दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मसाज दिलेल्या मांडीत दाहाशी संबंधित संकेत कमी दिसले आणि नवीन मायटोकाँड्रिया तयार होण्याशी निगडित प्रक्रिया चालू झाल्याच्या खुणा दिसल्या. लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता.

या प्रयोगाची रचना लक्षात ठेवा. प्रत्येक माणसाची एक मांडी प्रयोगाची, दुसरी तुलनेची. वय, आहार, झोप, जनुकं, सगळं आपोआप सारखं. ११ जण असूनही प्रयोगाला वजन आलं ते यामुळे. पण मर्यादाही तिथेच आहे. पेशीतला संकेत बदलला म्हणजे खेळाडू उद्या जोरात धावेल असं त्यातून सिद्ध होत नाही. पेशीपासून धावपट्टीपर्यंतचं अंतर मोठं असतं आणि बरेच सिनॉप्सिस ते एका वाक्यात ओलांडतात.

चार प्रश्न, चार उत्तरं

*कामगिरी वाढते का?* २०२० मध्ये खेळाडूंच्या मसाजवरच्या २९ यादृच्छिक अभ्यासांचा, मिळून १०१२ सहभागींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ताकद, उडी, स्प्रिंट, दमसास यांत मसाजमुळे सुधारणा होते असा पुरावा त्यात मिळाला नाही. लवचीकता आणि डॉम्स यांत मात्र छोटी पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय सुधारणा दिसली. या आढाव्यात सर्वसाधारण मसाज आहे, फक्त थाई नाही. पण थाई मसाजबद्दल काही वेगळा दावा करायचा असेल तर या पार्श्वभूमीवर तो करावा लागेल.

*दुखणं कमी होतं का?* इथे बाजू बरी आहे. व्यायामानंतरच्या पूर्ववत होण्याच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या २०१८ च्या आढाव्यात ९९ अभ्यास होते. गार पाणी, घट्ट कपडे, ताणण्याचे व्यायाम अशा सगळ्या पद्धतींत डॉम्स आणि थकव्याची जाणीव कमी करण्यात मसाज सर्वांत प्रभावी ठरला. दुसरीकडे, २०११ च्या कोक्रेन आढाव्यानुसार व्यायामाच्या आधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने दुखण्यात म्हणावा असा फरक पडत नाही.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पुन्हा वाचा. थाई मसाज म्हणजे दाब अधिक ताण. दाबाने दुखणं कमी होतं असं दिसतंय, ताणाने होत नाही असं दिसतंय. मग थाई मसाजमधला कोणता घटक काम करतो? इथे तुम्हाला एक खरा संशोधन प्रश्न मिळाला, आणि तो 'फायदे' या शब्दापेक्षा कितीतरी धारदार आहे.

*लवचीकता वाढते का?* त्या क्षणी वाढते. बसून पायाच्या बोटांपुढे हात नेण्याच्या चाचणीत फरक दिसतो. पण लगेच 'स्नायू लांब झाला' असं लिहू नका. थोड्या वेळाच्या ताणाने हालचालीचा पल्ला वाढतो तो मोठ्या प्रमाणात ताण सहन करण्याची तयारी वाढल्यामुळे. ज्या कोनात आधी 'पुरे, दुखतंय' म्हणत होतात तिथे आता म्हणत नाही. जिम्नॅस्ट, कुस्तीपटू, तायक्वांदोपटू यांना याचाही उपयोग आहेच, फक्त यंत्रणा नीट लिहा.

*मन आणि मज्जासंस्था शांत होते का?* २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधल्या एका अभ्यासात पाठदुखीच्या ३६ रुग्णांना विभागून एका गटाला ३० मिनिटं पारंपरिक थाई मसाज दिला. त्या गटात हृदयाच्या ठोक्यांमधली सूक्ष्म चढउतार, म्हणजे एचआरव्ही, शरीर विश्रांतीकडे झुकल्याचं दाखवणाऱ्या दिशेने बदलली आणि ताणाची, दुखण्याची जाणीव कमी झाली. हे रुग्ण होते, स्पर्धेतले खेळाडू नव्हते. पण लागोपाठ सामन्यांमध्ये झोप उडालेल्या खेळाडूसाठी हा धागा कामाचा आहे, आणि मला विचाराल तर थाई मसाजचा खेळाडूला होणारा सर्वांत मोठा उपयोग इथेच दडलेला असू शकतो.

एक पेपर सावकाश वाचू

२०१५ मध्ये थाई संशोधकांनी फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३४ पुरुष खेळाडूंचे चिठ्ठीने दोन गट: एकाला थाई मसाजचं एक सत्र, दुसऱ्याला नुसती विश्रांती. सात चाचण्या: लवचीकता, मुठीची पकड, चपळाई, ५० मीटर धाव, सिट-अप, पुश-अप आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता. निकाल असा मांडला की मसाज गटात सातही चाचण्यांत सुधारणा झाली, विश्रांती गटात फक्त लवचीकता आणि सिट-अप या दोनच चाचण्यांत.

पहिल्या वाचनात वाटतं, सात विरुद्ध दोन, विषय संपला. थांबा. आता हे प्रश्न विचारा.

एक, विश्रांती गट दोन चाचण्यांत का सुधारला? त्यांना तर काहीच दिलं नव्हतं. कारण चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सरावलेला असतो. तुलनेचा गट ठेवतात तो याचसाठी. तो नसता तर ही सुधारणाही मसाजच्या खात्यात जमा झाली असती.

दोन, तुलना कोणाशी कोणाची? 'या गटात आधी-नंतरचा फरक लक्षणीय, त्या गटात नाही' याचा अर्थ 'दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आहे' असा होत नाही. कल्पित आकडे घेऊ. मसाज गट ७.२० सेकंदांवरून ७.१० वर आला, पी-व्हॅल्यू ०.०४. विश्रांती गट ७.२० वरून ७.१२ वर आला, पी-व्हॅल्यू ०.०८. पहिला 'लक्षणीय', दुसरा नाही. पण दोन गटांच्या सुधारणेतला फरक किती? ०.०२ सेकंद! घड्याळ दाबणाऱ्याचा अंगठा यापेक्षा जास्त चुकतो. म्हणून कोणत्याही पेपरमध्ये गटागटांतली थेट तुलना शोधा. तीच खरी कसोटी. हा सापळा इतका नेहमीचा आहे की गेलमन आणि स्टर्न या संख्याशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये फक्त त्यावर एक लेख लिहिला.

तीन, चाचण्या किती? सात. प्रत्येक चाचणीत ५ टक्के चुकीची परवानगी दिली आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर काहीच परिणाम नसतानाही किमान एका चाचणीत 'लक्षणीय' निकाल मिळण्याची शक्यता सुमारे ३० टक्के होते. ०.९५ चा सातवा घात काढून १ मधून वजा करा, स्वतः पडताळून बघा.

चार, खेळाडूंना माहीत होतं का? अर्थात. आपल्याला मसाज मिळाला की नाही हे कोणापासून लपवणार? आणि ज्याला मसाज मिळाला तो पुश-अप काढताना दोन जास्तच काढणार.

या प्रश्नांमुळे तो पेपर रद्दी ठरत नाही. खेळाडूंवर थेट थाई मसाजचा प्रयोग करणारे अभ्यास मोजकेच आहेत आणि त्यात या पेपरचं स्थान आहे. पण पुढे तुम्ही जो प्रयोग कराल तो या चार प्रश्नांना उत्तर देणारा असला पाहिजे. आढावा लिहिणं म्हणजे कोणी काय म्हटलं याची यादी करणं नव्हे. प्रत्येक पेपरने कोणता प्रश्न उघडा ठेवला, हे शोधणं म्हणजे आढावा.

बरं वाटणं खोटं असतं का?

आता सर्वांत अवघड भाग. २०१४ मध्ये ३० पुरुषांवर एक प्रयोग झाला, मसाजचा नव्हे, गार पाण्यात बसण्याचा. एका गटाला गार पाणी, दुसऱ्याला कोमट पाणी, आणि तिसऱ्याला कोमटच पाणी, पण त्यात एक साधं त्वचा धुण्याचं द्रव्य टाकून 'हे खास पूर्ववत करणारं तेल आहे' असं सांगितलं. या तिसऱ्या गटाची ताकद गार पाण्यातल्या गटाइतकीच परत आली. म्हणजे विश्वासानेच तेवढं काम केलं.

मसाजमध्ये हा धोका दुप्पट आहे, कारण इथे माणसाचा स्पर्श आहे, तासभर कोणीतरी फक्त तुमच्याकडे लक्ष देतंय. तालमीत वस्तादाने पाठीवर नुसता हात ठेवला तरी पहिलवानाला बळ आल्यासारखं वाटतं, तसंच. मग उपाय काय? तुलनेच्या गटाला 'काही नाही' देण्याऐवजी काहीतरी द्या. २००५ मध्ये थायलंडमध्ये पाठदुखीच्या १८० रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाला थाई, दुसऱ्याला स्वीडिश मसाज दिला. दोन्ही गटांचं दुखणं बरंच कमी झालं आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

या निकालाचा अर्थ नीट लावा. थाई मसाजने उपयोग झाला, हे खरं. तो 'थाई' असल्यामुळे झाला, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. खेळाडूला पहिलं वाक्य पुरेसं आहे. संशोधकाला दुसरं वाक्य टाळता येत नाही.

मग त्या खेळाडूला काय सांगायचं?

निवड चाचणीच्या आदल्या दिवशीचा तो प्रश्न आठवा. उपलब्ध पुराव्यावर उभं राहून एवढं सांगता येतं.

जड सराव किंवा सामना झाल्यावर, आणि लागोपाठ दिवसांच्या स्पर्धेत, दुखणं आणि थकव्याची जाणीव कमी करायला मसाज उपयोगी आहे. दीर्घ, खोल दाबाचं सत्र स्पर्धेपासून दोन-तीन दिवस लांब ठेवणं शहाणपणाचं, कारण जोरदार दाबाने कधी कधी स्वतःच अंग दुखतं. आयुष्यातला पहिला थाई मसाज मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर नकोच.

स्पर्धेच्या दिवशी, मैदानात उतरण्याआधी, लांबलचक ताण टाळा. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात एकेका स्नायूला ६० सेकंद किंवा अधिक स्थिर ताण दिल्यावर लगेचच्या कामगिरीत सरासरी ४.६ टक्के घट दिसली. ६० सेकंदांपेक्षा कमी ताणाला ती १.१ टक्का होती. धावपटूला, वजन उचलणाऱ्याला चार टक्के म्हणजे पदक आणि परतीचं तिकीट यांतलं अंतर.

ताजी इजा असेल तिथे हात लावू देऊ नका. स्नायू फाटल्याची शंका, हाडाला मार, सूज, ताप, त्वचेचा संसर्ग, पोटरी एकाएकी सुजून गरम लागणं, यांत मसाज नाही, डॉक्टर. मांडीला जोरदार मुका मार लागला असेल तर सुरुवातीच्या दिवसांत चोळण्याने स्नायूत हाडासारखी गाठ तयार होण्याचा धोका वाढतो. मानेला झटका देऊन 'मोकळी' करून घेणं पूर्ण टाळा.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: हाताला काय लागलं आहे? मार्च २०२४ मध्ये टेनिसपटू यानिक सिनरच्या चाचणीत क्लोस्टेबॉल या बंदी असलेल्या द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश सापडला. त्याच्या फिजिओने स्वतःच्या बोटाच्या जखमेवर त्या द्रव्याचा फवारा मारला होता आणि नंतर सिनरला मसाज केला होता. सिनरने मुद्दाम काही केलं नाही हे मान्य झालं. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये वाडाशी झालेल्या तडजोडीत त्याला तीन महिन्यांची बंदी स्वीकारावी लागली. जगातल्या अव्वल खेळाडूकडे वकिलांची फौज असते. जिल्ह्यातून राज्यात आलेल्या मुलीकडे ती नसते. तेव्हा लेप, तेल, फवारा यांतला प्रत्येक घटक तपासल्याशिवाय अंगाला लावू नये, हे खेळाडूला सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

आता सिनॉप्सिसकडे वळू

'फायदे' हा शब्द शीर्षकातून काढा. तो उत्तर आधीच देऊन टाकतो. त्याऐवजी असा प्रश्न लिहून बघा: 'राज्यस्तरीय कबड्डीपटूंमध्ये डॉम्स निर्माण करणाऱ्या व्यायामानंतर दिलेल्या ४५ मिनिटांच्या थाई मसाजमुळे ४८ तासांनंतरचं दुखणं, तेवढ्याच वेळाच्या साध्या मालिशीच्या तुलनेत, कमी होतं का?' कोण, काय, कशाच्या तुलनेत, काय मोजणार, कधी मोजणार, सगळं एका वाक्यात आलं.

रचना ठरवताना एक मोह होईल. प्रत्येक खेळाडूला आधी मसाज, मग महिन्याने विश्रांती, अशी आलटून-पालटून रचना करावी, म्हणजे कमी खेळाडूंत काम भागेल. डॉम्सच्या अभ्यासात ही रचना फसते. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं पहिल्यापेक्षा बरंच कमी येतं आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. त्यामुळे दुसऱ्या फेरीत जे काही दिलं असेल ते कमी दुखण्याचं श्रेय घेऊन जातं. बरं, एक पाय प्रयोगाचा आणि एक तुलनेचा ठेवावा, तर थाई मसाज पूर्ण शरीराचा असतो. म्हणजे समांतर गट हाच सरळ रस्ता: थाई मसाज, साधी मालीश, आणि तेवढाच वेळ गादीवर पडून विश्रांती.

खेळाडूपासून उपचार लपवता येत नाही, पण मोजणाऱ्यापासून लपवता येतो. चाचणी घेणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे कळू देऊ नका. सुरुवातीलाच खेळाडूंना विचारून ठेवा की मसाजवर त्यांचा किती भरवसा आहे, म्हणजे नंतर विश्लेषणात तो हिशेबात घेता येईल. मुख्य मोजमाप एकच ठरवा, बाकीची दुय्यम. किती खेळाडू लागतील ते, 'किती फरक पडला तर तो प्रशिक्षकाला महत्त्वाचा वाटेल' यावरून काढा. आधीच्या पेपरमध्ये ३० होते म्हणून आपणही ३०, हे कारण समितीत टिकत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी करा, कारण २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

या आठवड्यात एक काम करा. थाई मसाजच काय, तुमच्या विषयावरचा कोणताही एक प्रयोगाचा पेपर उघडा आणि वरचे चार प्रश्न त्याला विचारा: तुलनेच्या गटात काय झालं, गटागटांत थेट तुलना आहे का, किती गोष्टी मोजल्या, आणि कोणाला काय माहीत होतं. उत्तरं वहीच्या एका पानावर लिहा. अशी दहा पानं झाली की तुमचा आढावा निम्मा लिहून झालेला असेल, आणि "फायदा म्हणजे काय?" या प्रश्नाला समितीसमोरही आणि मैदानावरही तुमच्याकडे नेमकं उत्तर असेल.